उशिराचा ठोका

मुर्री, गोंदिया
२३ ऑगस्ट २००९

चंद्रशेखर भाऊजी,
जयभीम.

मी रत्नपाल मेश्राम यांची बायको, सुलोचना. आपली भेट एकदाच झाली, माझ्या लग्नात. तेव्हा माझी मान खाली होती, म्हणून तुमचा चेहरा मला माहीत नाही. पत्ता तुमच्या पुतण्याकडून, कुडव्याच्या कैलाशकडून घेतला. तो फोन नंबरही देत होता. मी नको म्हटलं. फोनवर माणूस हो-हो करून सुटतो. कागदावर खोटं लिहायचं तर बसून लिहावं लागतं.

साक्षीचे बाबा जाऊन दोन वर्षं झाली. रेल्वेच्या शेडमधून ड्युटी करून आले, पाय धुतले, पायरीवर बसले आणि तिथेच गेले. तेव्हा तुम्हाला कळवायचं राहिलं, माफ करा.

आता विषय. साक्षी नागपूरला बी.एस्सी. शिकते, होस्टेलला राहते. तिच्या कॉलेजात नव्या मुलांच्या स्वागताचा कार्यक्रम झाला. त्यात पोरांनी गिटार-ड्रम घेऊन तुमचं 'कंदील विझव' म्हटलं. साक्षीनं बाजूच्या मैत्रिणींना सांगितलं की मूळ गाण्यात ड्रम माझ्या बाबांचा आहे. तेवढ्यात सूत्रसंचालन करणारा मुलगा माईकवर बोलला, की या गाण्यातला ड्रमवाला गोंदियाकडचा होता, नवी नवरी गावात टाकून तो निघाला होता, आणि हे गाणं म्हणजे त्याचा निरोप. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मैत्रिणी साक्षीकडे पाहत राहिल्या.

रात्री तिचा फोन आला. "आई, बाबांना तुला सोडून जायचं होतं काय?"

मी म्हटलं, "मले का मालूम."

तेव्हापासून ती नीट बोलत नाही, आणि मी एका जागी बसत नाही. निंदणाला जाते तर धानाच्या बांधीवरून मध्येच घरी येते. घरी आले की वाटतं, बांधीवर काही विसरलं.

आमच्या घरी त्या गाण्याची काळी तबकडी होती, वाजवायचं यंत्र कधीच नव्हतं. ती खिळ्याला टांगलेली असे. साक्षी लहान असताना तिच्यात तोंड पाहून वेणी घालायची. गाणं मी कधी ऐकलं नाही. हे कधी बोलले नाहीत. साक्षीनं शब्द लिहून आणले तेव्हा पहिल्यांदा वाचले:

कंदील विझव, कडी लावून घे,
या वाटेनं मी पुन्हा येणार नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन विहारातल्या कपाटातल्या पुस्तकांवर झालं, बोट ठेवून ठेवून. वाचणाऱ्या माणसाला एक खोड लागते, ओळीचा अर्थ लागल्याशिवाय ती ओळ सोडवत नाही. म्हणून विचारते. लग्नानंतर चार महिन्यांत हे नागपूरला गेले होते आणि दोन वर्षं तिथेच राहिले. हे गाणं त्यांनी मला लिहिलं का? त्यांना यायचं नव्हतं का?

काय असेल ते सरळ लिहा.

सुलोचना

---

पुणे
६ सप्टेंबर २००९

सौ. सुलोचनावहिनी,
सौ. चुकून लिहिलं. खोडलं तर वाईट दिसेल, म्हणून राहू देतो. रत्नपाल गेला हे मला कैलाशकडून उशिरा कळलं, आणि तुम्हाला काय लिहावं ते न सुचल्यामुळे मी काहीच लिहिलं नाही.

त्या सूत्रसंचालकाचं मनावर घेऊ नका. स्टेजवर पोरांना एखादी कहाणी लागतेच. खरी गोष्ट अशी, की ते गाणं वहिनींसाठीच होतं. रत्नपालला तुमची फार आठवण यायची. त्या आठवणीतूनच ते आलं. वहिनींसाठी म्हणूनच त्यानं तो ड्रम इतका जीव लावून वाजवला.

आम्ही चौघं होतो. बँडचं नाव 'गारगोटी'. माझ्याकडे गिटार आणि गळा. रत्नपालचे ड्रम एका लग्नाच्या बँडपार्टीनं टाकून दिलेले, एका बाजूचं कातडं फाटलेलं. त्यानं ते सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावून चालू केलं. नागपुरात अजनीला एका खाणावळीमागच्या खोलीत आमची प्रॅक्टिस. खाणावळवाला भिंतीवर बुक्की मारायचा, "ए भाई, दाल पतली हो रही तुम्हारे हल्ले से!" असे दिवस. तिथे एकोणऐंशी साली वहिनींसाठीचं हे गाणं झालं. नंतर मुंबईला जाऊन एका दिवसात रेकॉर्ड केलं. तबकडी फारशी खपली नाही, पण होस्टेलच्या पोरांनी तोंडातोंडी जिवंत ठेवली.

एक आनंदाची बातमी. मुंबईची एक कंपनी जुन्या रॉक गाण्यांची सीडी काढतेय. एक तरुण बँड आपलं गाणं नव्यानं वाजवणार आहे. रत्नपालच्या वाट्याची परवानगी म्हणून तुमचा होकार हवा. लिहून पाठवाल ना?

तुमचा
चंद्रशेखर पटले

---

मुर्री
१७ सप्टेंबर २००९

चंद्रशेखर भाऊजी,
जयभीम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. 'वहिनींसाठी' हे तुम्ही तीनदा लिहिलं. खरी गोष्ट माणूस एकदा सांगतो.

आठवण येणारा माणूस 'येतो' असं लिहील. 'कडी लावून घे' कायले लिहील?

आणि कंदील. आमच्या घरी तेव्हा चिमणी होती, औषधाच्या बाटलीची, झाकणाला भोक पाडून वात घातलेली. काच असलेला कंदील मुर्रीत मोजक्या घरी. आमच्या वस्तीत एकही नव्हता. मग हे कोणाच्या घरचा कंदील विझवायला सांगत होते? नागपुरात कोणी होती का, हे मी विचारते आहे. असेल तर सांगा. मी रडून लोळणार नाही. बाई असेल तर बाई असेल. पण माहीत नसलेल्या गोष्टीशी रोज किती भांडायचं?

साक्षी मागच्या रविवारी येणार होती, आली नाही. परीक्षा आहे म्हणाली. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, हे मला माहीत आहे. तिनं भिंतीवरचा बाबांचा फोटो मोबाईलमध्ये ठेवला होता, तो काढला, असं तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. तिला बाप दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालंय, आणि या वेळी मी तिला काही समजावू शकत नाही, कारण मलाच काही ठाऊक नाही.

मी काल सगळं घर पुसलं, मग पुन्हा पुसलं. सासूबाई, जमुनाबाई, ऐंशीच्या पुढच्या आहेत, ऐकू कमी येतं, पण डोळे पक्के. त्या म्हणाल्या, "अवं, जमीन फाटंल."

परवानगीचं नंतर पाहू. आधी कंदील कोणाचा ते लिहा.

सुलोचना

---

पुणे
३० सप्टेंबर २००९

सुलोचनावहिनी,
सा. नमस्कार.

कंदील माझ्या वडिलांचा. आमच्या धानाच्या गिरणीच्या फाटकावर टांगलेला असायचा, मी बाहेरगावी गेलो की परत येईपर्यंत बाबा तो विझवत नसत. त्यांना मी गिरणीवर बसायला हवा होतो, मला गिटार हवी होती. भांडून निघालो. नागपूरला पोचल्यावर खाणावळीच्या बाकावर सगळे शब्द एका बैठकीत लिहिले. प्रत्येक शब्द माझा आहे. रत्नपालचा एकही नाही. ड्रमवाला बायको सोडून निघाल्याची कहाणी कुणी जोडली, मला ठाऊक नाही. मी ती कधी खोडून काढली नाही, कारण त्यामुळे लोकांना गाणं जास्त आवडायचं.

मागच्या पत्रात तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलं. आता तुम्हाला खोटं लिहायची भीती वाटते.

रत्नपालचं काम वेगळं होतं. मी चाल ऐकवली तेव्हा त्यानं वाजवायला सुरुवात केली: दोन ठोके, मग रिकामं. ठक, ठक, काही नाही. ठक, ठक, काही नाही. मी म्हटलं, तिसरा कुठाय? तो म्हणाला, राहू दे. त्या रिकाम्या जागेनंच गाणं लोकांच्या छातीत बसलं, असं आजही जाणकार लिहितात. कुणी म्हणतं ती निघून जाणाऱ्या माणसाची पावलं, कुणी म्हणतं थांबणारं काळीज. आम्ही त्याला विचारलं, तर तो विडी पेटवायचा.

शेवटच्या कडव्यात मात्र तो त्या जागेत तिसरा ठोका घालायचा. कातड्यावर नाही, ड्रमच्या लाकडी कडेवर, डाव्या हातानं. आणि तो ठोका उशिरा पडायचा. थोडासाच, पण कानाला खुपेल इतका. मुंबईत रेकॉर्डिंगवाल्यानं तीन वेळा थांबवलं, "ड्रमर पीछे जा रहा है." रत्नपाल ऐकून घ्यायचा आणि पुन्हा तसाच वाजवायचा. आम्ही चिडलो. शेवटी वेळ संपली आणि ते तसंच छापलं गेलं. नवीन पोरं आता संगणकावर तो ठोका जागेवर सरकवणार आहेत. मी हो म्हटलंय. ती चूक मलाही तीस वर्षं टोचत होती.

तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. बाई कुणी नव्हती, हे शपथेवर. पण तो गावी खुशीनं परतला, असंही म्हणणार नाही. रेल्वेची ऑर्डर आली आणि तो गेला. गाडीत चढताना ड्रमच्या काड्या हातात होत्या. मी म्हटलं, दे, इथे लागतील. त्यानं दिल्या नाहीत.

जुन्या गाण्याची सीडी करून कैलाशकडे पाठवलीय. तो ऐकवेल.

चंद्रशेखर

---

मुर्री
१ नोव्हेंबर २००९

चंद्रशेखर भाऊजी,
जयभीम.

पत्राला उशीर झाला. धान कापणीला आलं होतं, आणि कैलाशनं सीडी मोबाईलमध्ये घालून आणायला दिवाळी गाठली. "काकू, दुकानात गर्दी होती," म्हणाला. मी म्हटलं, "तुझ्या दुकानात रिचार्जशिवाय काय आहे, गर्दी कायची?"

आम्ही ओसरीवर बसलो. सासूबाई बाजूला चिंचा फोडत होत्या. त्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. कैलाशनं आवाज मोठा केला. तुमचा गळा चांगला आहे, पण शब्दांकडे माझं लक्ष नव्हतं, ते आता तुमचे आहेत हे मला ठाऊक होतं. मी ठोके ऐकत होते. दोन, आणि रिकामं. मला आधी काहीच कळलं नाही.

सासूबाईंचा हात थांबला.

"कोन कांडून राहिल्या वं?"

मी म्हटलं, "कोनी नाही, मामीजी. गाणं होय."

"गाणं कायचं. तिघी कांडून राहिल्या. तिसरीचं मुसळ नाही पडून राहिलं."

भाऊजी, तुमच्या घरी गिरणी होती, म्हणून लिहून सांगते. सासूबाईंना घरच्या खाण्याचं धान गिरणीत नेलेलं चालत नसे, तांदूळ तुटतो म्हणायच्या. उखळ एक आणि मुसळं तीन. सासूबाई, माझ्या चुलत सासूबाई, आणि यांची मोठी बहीण रुख्मा. तिघींचं कांडणं दोघींपेक्षा वेगळं असतं. एकीचं मुसळ वर, एकीचं मधे, एकीचं खाली. वेळ चुकली की मुसळावर मुसळ आपटतं. रुख्मा तापानं गेली, माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधी. उरलेल्या दोघींनी दोघींचं कांडणं धरायला पाहिजे होतं. त्यांना जमलं नाही. हात तिघींच्या सवयीचे. दोघी मारायच्या आणि रुख्माच्या वेळेला थांबायच्या. शेजारच्या बाया हसायच्या म्हणे. हे तेव्हा सतरा-अठराचे. हे ऐकतच ते वाढले.

मग मी आले. मला तिसरं मुसळ दिलं. माझ्या माहेरी कांडायला आई आणि मी, दोघीच. तिसरीची वेळ माझ्या अंगात नव्हती, आणि मी डावरी. माझा ठोका रोज उशिरा पडायचा. सासूबाई म्हणायच्या, "आमचं मुसळ गाडीनं आलं, तुझं पायी येऊन राहिलं का वं?" हे बाजेवर पडून हसायचे. म्हणायचे, "येते ना, मा. येऊ दे." चार महिन्यांनी ते नागपूरला गेले. दोन वर्षांनी आले तोवर चुलत सासूबाई वारल्या होत्या आणि आम्ही धान गिरणीत नेत होतो. ते कांडणं त्यांनी पुन्हा ऐकलं नाही.

मी कैलाशला म्हटलं, शेवट पुन्हा लाव. पुन्हा लाव. चिंचा तशाच राहिल्या. लाकडावर, डाव्या हातानं, उशिरा.

मला तसं ऐकू आलं. खात्रीनं सांगायला माणूस नाही. पण तुम्ही म्हणता ती चूक असेल, तर ती रोज सकाळी आमच्या घरी व्हायची.

तो ठोका सरकवू नका, ही विनंती आहे. परवानगी देत नाही.

सुलोचना

---

पुणे
२२ नोव्हेंबर २००९

सुलोचनावहिनी,
सा. नमस्कार.

मी मुंबईला जाऊन आलो. तुमचं पत्र खिशात होतं.

गाणं तयार झालंय. मुलं गुणी आहेत, माझ्यापेक्षा चांगली वाजवतात. त्यांच्या पडद्यावर प्रत्येक ठोक्याची एक रेघ दिसते. त्यांनी मला आपल्या जुन्या गाण्याच्या रेघाही दाखवल्या. सगळ्या रांगेत, आणि शेवटी तिसरी रेघ प्रत्येक वेळी रांगेबाहेर. पण वहिनी, ती प्रत्येक वेळी तेवढीच बाहेर. चुकणारा माणूस कधी कमी चुकतो, कधी जास्त. हे मला तीस वर्षांत दिसलं नव्हतं.

मी त्यांना तिघींचं सांगितलं. त्यांचा म्होरक्या मन लावून ऐकत होता. म्हणाला, "अंकल, बहुत अच्छी स्टोरी है, कव्हर पे लिखेंगे. लेकिन बीट सीधी रखनी पडेगी, आजकल का कान वैसा है." मी म्हटलं, मग शब्दही माझ्याकडे राहू द्या. आणि उठून आलो. त्यांनी विचार करायला जानेवारीअखेरपर्यंत वेळ दिलाय.

बायको म्हणते, डोकं फिरलंय. पोरांना गिटार शिकवत आयुष्य गेलं, कुणीतरी ते गाणं पुन्हा म्हणावं याची वाट पाहत होतास, आणि दारात आलेलं परत पाठवलंस. ती खोटं बोलत नाही. त्या दिवसापासून मला झोप नाही. मी ते गाणं माझ्या बाबांवरचं म्हणून गात आलो, आणि माझ्या मागे बसून हा माणूस दुसरंच गाणं वाजवत होता. मी एकदाही वळून पाहिलं नाही.

मी बरोबर केलं ना? एवढं लिहा.

चंद्रशेखर

---

मुर्री
२७ डिसेंबर २००९

चंद्रशेखर भाऊजी,
जयभीम.

साक्षी नाताळच्या सुट्टीत आली. तुमची-माझी सगळी पत्रं तिला वाचायला दिली. वाचून म्हणाली, "आई, तुला तसं ऐकायचं होतं, म्हणून तसं ऐकू आलं." सायन्सची पोरगी. मी भांडले नाही. तसं असूही शकतं.

दुसऱ्या दिवशी शेजारून दोन मुसळं मागून आणली. उखळ अंगणात होतं, त्यात कोंबड्या पाणी प्यायच्या, घासलं. सासूबाईंना उभं राहवत नाही. त्या पाटावर बसून हातानं जमिनीवर थाप मारू लागल्या, पहिली त्यांची. दुसरी मी. तिसरी साक्षी. तिला वाटलं, सोपं आहे. तिचा ठोका आधीच पडायचा आणि माझ्या मुसळावर आपटायचा. सासूबाई म्हणाल्या, "हे पोट्टी गाडी यायच्या आधीच स्टेसनात. मायची उलटी." साक्षी हसली, हसता हसता धान अंगणभर उडालं. मग मुसळ टेकवून तिनं विचारलं, "बाबा खरंच असे बाजेवर पडून हसायचे?"

मी म्हटलं, "हो."

ती म्हणाली, "मग ठीक आहे." आणि पुन्हा कांडू लागली. फोटो मोबाईलमध्ये परत ठेवला का, ते मी विचारलं नाही.

तुम्ही विचारलंत, बरोबर केलं का. तुम्ही केलं ते माझ्यासाठी केलं, आणि मला आता त्याची गरज उरली नाही, म्हणून ते मोडा. गाणं त्या पोरांना द्या. त्यांचे कान वेगळे आहेत, त्यांनी त्यांच्या रांगेत वाजवावं. आजच्या कोणत्या घरात तिघी कांडतात? तुमच्या बापाचा कंदीलही लोकांनी ऐकला पाहिजे. हे पत्र माझी परवानगी समजा.

फक्त त्याच सीडीत शेवटी आपलं जुनं गाणं लावा, काहीही न सरकवता. ते तयार झाले नाहीत तर मात्र दोघंही उठून येऊ, मी मुंबईला येते.

साक्षीच्या बाबांना जायचं होतं का, हे मला कळलं नाही, आणि कळणार नाही. जायचं असेलही. बावीस वर्षांचा माणूस, हातात काड्या, पुढे मुंबई. आले ते ऑर्डर आली म्हणून आले असतील. मी अजूनही संध्याकाळी घरात ठरत नाही, फाटकापर्यंत जाते आणि परत येते. पण आता मी त्यांच्यावर चिडून जात नाही.

कव्हरवर कहाणी नको. कोण गेली, कोण आली, ते लोकांना कायले? नाव लिहा: ड्रम, रत्नपाल मेश्राम, मुर्री. आणि जुनं गाणं ऐकून कोणी म्हटलं की शेवटी ड्रमवाला मागे पडतो, तर त्याला सांगा, ते वेळेवर होते. मागे पडत होते ती मी.

सुलोचना